सुभेदार तात्यांची पाच विड्यांची शांतिसेना

जाहीर निवेदन. मौजे हिंगणवाडी, जिल्हा सातारा, आणि मौजे तांबमाळ, जिल्हा सांगली, येथील समस्त ग्रामस्थ, मानकरी, पैलवान, वाजंत्री व यात्रेनिमित्त आलेल्या पाहुणेमंडळींस अत्यंत जबाबदारीने कळविण्यात येते की, सुभेदार तात्यांच्या पश्चात दोन्ही गावांमधील शांततेची सर्व सूत्रे कुस्ती समालोचक बबनराव यांनी आजपासून हाती घेतली आहेत. तरी प्रत्येकाने आपापले डोके स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावे.

तात्या, हे मी देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. तासाभरानं येऊन बघतो तर सहीखाली बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलेलं, 'हेल्मेटचं वाटप कुठं आहे ते कळवावे.' अक्षर तुमच्या धाकट्या सुनेचं. घरातलं सुतक फिटून आठवडा झाला नव्हता आणि ती चुलतसासऱ्याची फिरकी घेत होती. तुम्ही असता तर मिशीत हसला असता आणि मला म्हणाला असता, पोरगी चुकीचं काय बोलली?

तुम्हाला जाऊन महिना व्हायचाय. तुम्ही कुठल्या पलटणीत होतात, कधी भरती झालात, पदकं किती, हे सगळं तुमच्या थोरल्यानं फाट्यावरच्या फ्लेक्सवर छापलंय. फोटोत तुम्ही असे बघताय की फोटो काढणाऱ्यानं तुमची परवानगी घेतलेली नव्हती. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय. ते तुम्ही अर्ध्यावर टाकून निघून गेलात, आणि हे तुमच्या शिस्तीत बसत नाही.

भांडण जुनं. तुम्ही आफ्रिकेतनं आलात, ट्रंकेत शांतिसेनेची ती निळी टोपी घडी करून ठेवलेली. सगळी आळी तुमच्या ओसरीवर जमली. आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळं युद्धाच्या गोष्टी आम्हाला भाकरीसारख्या रोज लागतात. कुणीतरी विचारलं, "तात्या, गोळ्या किती झाडल्या?"

"एकबी न्हाई."

"मग वर्षभर केलं काय?"

"एका फाट्यावर हुबं ऱ्हायलो."

पाच मिनिटांत ओसरी रिकामी झाली. मी तेवढा राहिलो, कारण शालनवहिनींनी शेंगा भाजायला टाकल्या होत्या. आणि मी तुम्हाला माझं ते वाक्य ऐकवलं, जे पुढं वीस वर्षं दर यात्रेला ऐकवत आलो: तात्या, गोळी न झाडता परत आलेला फौजी म्हणजे लंगोट कसून आखाड्याभोवती नुसता चक्कर मारून आलेला पैलवान.

तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "बबन्या, समोरचा अंगावर यितोय आन् आपुन हात उचलायचा न्हाई, हे एकदा करून दाव. मग बोलू."

मग शेंगा आल्या आणि तुम्ही मला जगाचा कारभार शिकवला. परातीतली शेंगांची रास म्हणजे जगातले सगळे देश. मोठ्या सभेत प्रत्येक शेंगेला एक मत, मग ती एकदाणी असो नाहीतर तीनदाणी. पण कुठं फौज पाठवायची, कुठं नाही, हे ती रास ठरवत नाही. त्याला वेगळी छोटी बैठक. तुम्ही पंधरा शेंगा बाजूला काढल्यात. त्यातल्या दहा बदलत्या, दोन वर्षं बसायचं आणि उठायचं. पाच कायमच्या. त्या पाचांतल्या एकानं जरी 'नाही' म्हटलं, तर बाकीच्यांनी कितीही हात वर केले तरी काम थांबलं.

आणि ज्या फौजेवरनं एवढा खल, ती तरी त्या साऱ्या देशांच्या संघटनेची स्वतःची असावी? तीही नाही. एक शिपाई तिच्या मालकीचा नाही. देशोदेशांकडनं मागून आणायचे. तुम्ही म्हणालात, कपडे आपल्या देशाचे, टोपी तेवढी जगाची. त्यांचा सगळ्यात मोठा कारभारी म्हणजे महासचिव. त्याच्या पदरी ना पलटण ना तोफ. सगळ्यांना फोन करायचे, सगळ्यांची मनं राखायची, आणि काही बिनसलं की शिव्या मात्र त्यालाच.

"म्हंजे लग्नातला मामा," मी म्हणालो.

"तसंच."

"आन् ती पाच कायमची मंडळी म्हंजे आपलं मानकरी."

तात्या, तुमच्या हातातली शेंग अर्धी फुटून तशीच राहिली. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. पुढं तुमचं एवढं नाव झालं, पेपरात फोटो आला, तालुक्याला सत्कार झाला. तेव्हा मी मनाचा मोठेपणा दाखवून गप्प बसलो. आज जाहीर करतो की मूळ कल्पना माझी होती.

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला पाहिजे. आमची ओढजाई दोन गावांच्या मधल्या ओढ्यावर बसलीय. तिचं तोंड सातारा जिल्ह्यात, पाठ सांगलीत. यात्रा दोन्ही गावांची मिळून. यात्रेच्या दिवशी दुपारच्या आरतीनंतर पाच मानकऱ्यांपुढं पाच ताटं मांडतात, प्रत्येक ताटात एक विडा. दोन मान हिंगणवाडीचे, दोन तांबमाळचे, एक गुरवाचा. पाचांनी विडे उचलले की पालखी उठते, आणि पालखी ओढ्याला जाऊन आली की कुस्त्यांचं मैदान. एकानं जरी विडा ताटात राहू दिला तर पालखी जागची हलत नाही. का उचलला नाही, हे विचारायची पद्धत नाही.

आणि तोवर आमच्या यात्रेत नऊ वर्षं एक विडा ताटातच राहत होता. तांबमाळच्या सर्जेरावांच्या घराण्याचा. आधी त्यांच्या वडिलांनी ठेवला, मग सर्जेरावांनी.

कशामुळं, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. शेवटची कुस्ती, आमचा पैलवान आणि तांबमाळचा सर्जेराव. तेव्हा त्यांच्यासारखा देखणा मल्ल दोन तालुक्यांत नव्हता. धुरळा उडालेला, दोघं एकमेकांत गुंतून खाली आलेले, पंच वाकून बघतायत, अजून हात वर नाही, आणि माईकवर असलेला एक पंचविशीतला उत्साही प्राणी बोंबलला, "चितपट, चितपट, हिंगणवाडीनं मैदान मारलं." आमचं गाव आखाड्यात घुसलं. तांबमाळ घुसलं. पंचांचा निकाल काय होता ते आजतागायत कुणाला कळलं नाही, कारण ते लिंबाच्या झाडावर चढले होते. त्या दंगलीत सर्जेरावांच्या गुडघ्यावर कुणाची तरी काठी बसली. त्यानंतर ते कधी लंगोट लावून उतरले नाहीत.

तो माईकवरचा प्राणी मी.

तुम्ही मला याबद्दल कधी बोल लावला नाहीत. एकदाच म्हणालात, "बबन्या, त्याची पाठ मातीला लागली हुती का रं?" मी म्हणालो, धुरळ्यात नीट दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, "दिसलं न्हाई तर एवढ्या मोठ्यानं दिसलं कसं?" यावर मी विषय बदलला. विषय बदलण्यात मी वाकबगार आहे, माझं पोट त्यावर चालतं.

त्या शेंगांच्या दुपारनंतर तुम्ही कामाला लागलात. मी म्हटलं, आपल्या गावातली चांगली चाळीस पोरं काठ्या घेऊन उभी करू, कोण भांडतोय बघू. तुम्ही म्हणालात, ती शांतिसेना नव्हं, ती टोळी. पहिलं कलम, दोघांनी 'या' म्हटल्याशिवाय जायचं नाही. ते दोन 'या' मिळवायला तुम्ही आठ महिने ओढ्याच्या इकडं तिकडं चपला झिजवल्यात. दुसरं कलम, कुणाच्या बाजूचं व्हायचं नाही. तिसरं, जिवावर आल्याखेरीज हात उचलायचा नाही. आणि कामाचा कागद असा करायचा की काय करायचं आणि काय नाही ते दोन्ही गावांना आधीच वाचता यावं. मुदत एक वर्ष, पुढच्या यात्रेला पुन्हा पाचांना विचारायचं.

माणसं कुठली घ्यायची, यावर आपलं जुंपलं. मी शेजारच्या वाडीची सुचवली. तुम्ही म्हणालात, तिथं तुझी मावशी दिलीय. मी विट्याकडची सुचवली. तिथं सर्जेरावांचे साडू. शेवटी आपण मोटरसायकलवरनं कवठे महांकाळच्या पलीकडं गेलो, तुमच्याबरोबर आफ्रिकेत असलेल्या हणमंत नाईकांच्या गावी. उन्हानं आपली डोकी तापलेली. तुम्ही खूश होऊन आजूबाजूला बघत म्हणालात, "हितं आपली ना भावकी ना सोयरीक. झकास."

हणमंतांनी वीस माणसं कबूल केली, त्यातली काही तुमच्याबरोबर आफ्रिकेत असलेली. निळे फेटे बाजारात मिळेनात, म्हणून तुम्ही निळीच्या रंगाच्या पुड्या आणून वहिनींच्या मोठ्या घंगाळात फेटे बुडवलेत. यात्रेच्या दिवशी ऊन चढलं, पहिला घाम आला, आणि रंग सुटला. वीसच्या वीस शांतिसैनिकांची कपाळं, कान, माना निळ्या. तांबमाळची एक म्हातारी हणमंतांच्या पाया पडली. तिला वाटलं देवाचा अवतार. तुम्ही घाबरून मला म्हणालात, हे कामाच्या कागदात बसत न्हाई.

पण खरा पेच जेवणाचा. जगात कुठल्याही शांतिसेनेवर आला नसेल असा. यात्रेचं मटण म्हणजे मटण नव्हे, तो मान असतो. पाहुणा जेवला नाही तर आमच्याकडं ते शिवी दिल्यासारखं. आमच्या सरपंचांनी वीसही जणांना पंगतीला ओढून नेलं, आणि ते बापडे पोटभर जेवून ढेकर देत बाहेर आले. बाहेर तांबमाळची मंडळी उभी.

"झाली का तुमची बिनपक्षाची फौज? हिंगणवाडीचं मीठ खाऊन आली."

"तात्या, आमी पाठवलेला 'या' मागं घेतला."

आरतीला अजून तास होता. मी म्हटलं, संपलं. तुम्ही फेटा काढलात, कपाळ पुसलंत, तेही निळं, आणि हणमंतांना हुकूम दिलात, "पलटण, उजवीकडं वळ. तांबमाळची पंगत. जेवढं हिकडं खाल्लंय तेवढंच तिकडं, वाटीला वाटी."

तात्या, मी हजारो कुस्त्यांचं समालोचन केलंय. पण त्या दिवशी तांबमाळच्या मांडवात ती वीस माणसं तांबड्या रश्श्याशी जी झुंजली, तशी लढत मी पुन्हा पाहिली नाही. मी माईक घेऊन गेलो. वाढपी वाट्या मोजायला लागले, दोन्ही गावांचे एकेक साक्षीदार पंगतीत बसवले. तेरावा गडी डोळे पांढरे करून म्हणाला, "सायेब, आफ्रिकेत बरं हुतं." तुम्ही त्याच्या शेजारी मांडी घालून बसलात आणि स्वतःची वाटी पुढं केलीत. दोन्ही गावं पोट धरून हसत होती. हसणारी माणसं दगड उचलत नाहीत, हे मला तेव्हा समजलं. तुम्हाला आधीपासून ठाऊक असणार.

त्या वर्षी सर्जेरावांनी विडा उचलला. तुम्ही आरतीनंतर त्यांच्यासमोर जाऊन बसलात. खांबाला पाठ, गॉगल डोळ्यावर, हात मांडीवर. तासभर एक शब्द नाही. मग सर्जेरावांनी हात पुढं केला. पालखी उठली. पुढं दर वर्षी तसंच. मी अनेकदा विचारलं, तात्या, तुम्ही नेमकं करता काय? तुम्ही म्हणायचात, "काय न्हाई. बसतो." दोन्ही गावांत तुमच्या त्या बसण्याची ख्याती झाली. कॉलेजचा एक प्राध्यापक म्हणाला, हा मौनाचा मुत्सद्दीपणा आहे. मी ते वाक्य पाठ केलं आणि दहा मैदानांत वापरलं.

तरी मी आपला मूळ मुद्दा सोडला नाही. पुढं एका वर्षी कवठे महांकाळहून परत येताना एका टपरीवर चहाला थांबलो होतो, तेव्हाची गोष्ट. मी म्हटलं, गावच्या यात्रेत ठीक आहे तात्या, पण तिकडं जगात तुमच्या त्या निळ्या टोपीनं किती लढाया थांबल्या? पाचांतला एक 'नाही' म्हणाला की तुम्ही हातावर हात. तुम्ही बराच वेळ चहा ढवळत राहिलात. मग म्हणालात, "एका गावाला जायाला आमाला उशीर झाला. वरून हुकूम यायला दोन दिस गेलं. आमी पोचलो तवा गाव न्हवतं." तुम्ही कप खाली ठेवलात. मग तुम्हीच म्हणालात, "पर त्या फाट्यावर आमची गाडी हुबी हुती तवर तितला बाजार भरत हुता. बाया टोमॅटोचं ढीग लावून बसायच्या. लेकरं घेऊन. गाडी हलली की बाजार उठायचा. म्हणून आमी गाडी हलवली न्हाई. एवढंच केलं बघ."

त्यावर मी म्हणालो, "टोमॅटो राखायला एवढी फौज?" हसवायला म्हणालो होतो. तुम्ही हसला नाहीत. गाडीला किक मारलीत.

हे वाक्य मला परत घ्यायचं होतं. वेळ होता, तुम्ही रोज भेटत होतात, रोज संध्याकाळी तुमची ती वही घेऊन कट्ट्यावर बसायचात. दिवसाचा अहवाल लिहायची तुमची सवय सुटली नव्हती. हिंगणवाडी शांत. तांबमाळ शांत. घरात दोन्ही सुनांमध्ये कपडे वाळत घालायच्या तारेवरून किंचित तणाव. तारेच्या मधोमध तुम्ही एक निळी चिंधी बांधली होती, अलीकडं थोरलीचे, पलीकडं धाकटीचे. शालनवहिनी म्हणायच्या, "जगात शांतता करून आले, आन् सकाळी चहा जरा गार झाला की पयलं युद्ध हितंच." हसत हसत वेळ गेला आणि ते वाक्य तसंच राहिलं.

तुमच्या शेवटच्या दिवशी तांबमाळ ओढा ओलांडून आलं. आमच्याकडं नुसती सांत्वनाला येण्याची रीत, खांदा भावकीचा. त्यांनी खांदा मागितला. आमचे लोक थोडे ताठरले. तेवढ्यात हणमंत नाईक आणि त्यांची माणसं निळे फेटे बांधून उतरली, आता फेटे पक्क्या रंगाचे. हणमंतांनी कुणाला न विचारता वाटेत पावलं मोजली आणि मध्यावर दगड ठेवला. दगडापर्यंत हिंगणवाडी, पुढं तांबमाळ. लंगडत, काठी टेकत आलेले सर्जेराव दगडापाशी उभे होते. त्यांनी तुमच्या तिरडीला खांदा दिला, माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

आणि मग यात्रा आली.

तांबमाळात कुजबूज आधीच सुरू झालेली. 'या' तात्याला म्हटलं होतं, बबन माईकवाल्याला नव्हे. आमची पोरं म्हणायला लागली, पाचवा विडा गेला खड्ड्यात, आपली पालखी आपण उचलू. मला त्या रात्री झोप आली नाही, हे मी फक्त तुम्हाला सांगतोय. पाच विड्यांशिवाय पालखी उचलली असती तर सगळं परत त्या धुरळ्याच्या दुपारवर गेलं असतं, आणि या वेळीही सुरुवात माझ्याच हातनं.

आरती झाली. ताटं मांडली. आमच्या दोघांनी उचलले, गुरवानं उचलला, तांबमाळच्या दुसऱ्या मानकऱ्यांनी, आबांनी उचलला. सर्जेरावांचा विडा ताटात. त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

मी त्यांच्यापुढं जाऊन बसलो. मला तुमच्यासारखं बसायचं होतं, खांबाला टेकून, हात मांडीवर. पण गॉगल नव्हता, आणि कॉलरला माईक लावलेला तसाच राहिलेला. मांडवाभोवती आठ कर्णे, दोन्ही गावं उन्हात उभी. दहा मिनिटं झाली. वीस झाली. बाहेरनं आवाज यायला लागले.

"आवं, किती येळ?"

"ह्याला जमायचं न्हाई. ह्यो जन्मात कवा गप बसलाय का?"

"उचला रं पालखी."

हणमंत माझ्या कानाशी वाकले. "बबनराव, पोरं पुढं सरकायलीत. काय करायचं?"

"हुबं ऱ्हावा," मी म्हणालो. बोलून गेल्यावर कळलं की हे कुणाचं वाक्य आहे.

वीस निळे फेटे पालखीभोवती उभे राहिले. आमच्याच गावचा एक पैलवान गडी हणमंतांच्या छातीला छाती लावून उभा राहिला, आणि हणमंतांनी हात पाठीमागे बांधले. तो गडी ढकलत होता, आणि त्याच्यापेक्षा निम्म्या वजनाचा साठीचा माणूस मागं सरकत नव्हता आणि हातही उचलत नव्हता. तात्या, मला तुमचा फाटा दिसला. टोमॅटोचे ढीग दिसले. वीस वर्षं मी ज्याला चक्कर मारणं म्हणत होतो ते माझ्यासमोर घाम गाळत उभं होतं. भांडण तुम्ही जिंकलात. चितपट, आणि या वेळी मी नीट बघून सांगतोय.

मग मी सर्जेरावांकडं वळलो. भाषण पाठ करून आणलं होतं, त्यात तुमचा उल्लेख चार वेळा, मानवतेचा दोनदा. त्यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही.

"दादा," मी म्हणालो, "त्या दिवशी तुमची पाठ लागली नव्हती. मला दिसत होतं. मी उगंच वरडलो."

आठही कर्ण्यांतनं ते ओढ्यापलीकडं गेलं. आमच्या गावानं ऐकलं. त्यांच्या गावानं ऐकलं. हणमंतांना ढकलणारा गडी थांबला. लिंबाखाली आमचा तो जुना पैलवान बसला होता, आता पिकलेला, नातवंडांचा धनी. त्यानं मान खाली घातली आणि मग सावकाश हलवली, व्हय म्हणून.

सर्जेराव माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता येईना. आता पुढं काय बोलायचं? मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी तुमच्यासारखा बसलो. खरोखर गप्प. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलो, पापणी न हलवता. मला वाटलं तुम्ही असंच करत असणार. अर्धा तास गेला. माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, काही उन्हानं, काही तुमच्यामुळं. त्यांची चुळबूळ सुरू झाली. त्यांनी मान इकडं वळवली, तिकडं वळवली, कपाळ खाजवलं. मी हललो नाही.

शेवटी सर्जेरावांनी मांडीखालचा हात काढला, ताटाकडं हात केला, आणि माझ्या कॉलरचा माईक चालू आहे हे विसरून वैतागून, दोन्ही जिल्ह्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले:

"आरं, तात्या गॉगल लावून निदान घोरत तरी बसायचा, ह्यो तर नुसता डोळं फाडून बघतुय… आण बाबा त्यो इडा हिकडं."